सायप्रियनच्या दगडावरची नावं

ब्रुकलिन, न्यूयॉर्क
११ जानेवारी १९९८

प्रिय टँटी युला,

नाताळचं पार्सल पोचलं. ब्लॅक केक विमानात जरा चेपला होता, पण आत्याचा केक म्हणून बसडेपोत नेला आणि बघता बघता डबा रिकामा झाला. त्या केकनेच सगळं सुरू झालं.

डेपोत मी इतकी वर्षं एकच टेप वाजवतो, हे तुला ठाऊक आहे. कॅरिआकू, लेस्टेरचा किनारा, आमचे व्हायोलिन-बँजोचे ताफे, बाबांची होडी. परवा केक खाता खाता हेक्टर म्हणाला, "गॉडविन, तुझं बेट खरंच आहे की तू रचून सांगतोस?" हा हेक्टर प्वेर्तो रिकोचा, माझ्यासारखाच बसचालक. रोझलिंडही बसच चालवते. तिनेही त्याचीच री ओढली. शेवटी मेच्या पहिल्या शनिवारी आपल्या किनाऱ्यावर जलसा असतो, त्याला तिघांनी यायचं ठरलं.

आणि यायचं ते यॉटने. ग्रेनेडाला विमानातून उतरायचं आणि सेंट जॉर्जेसच्या बंदरात शिडाची पांढरी यॉट कप्तानासकट भाड्याने घ्यायची. दुपारपर्यंत लेस्टेरसमोर नांगर टाकायचा आणि डेकवर पाय पसरून गाणं ऐकायचं. झोपायचंही तिच्यावरच. जन्मभर आम्ही लोकांना हिंडवलं, दोन दिवस आम्हाला कुणी हिंडवलं तर काय बिघडलं?

तिथला भरवशाचा कप्तान कोण, ते तेवढं विचारून ठेव. घरी येणं मात्र जमणार नाही. दिवस दोनच, त्यात पाहुणे. तू किनाऱ्यावर ये, मी तुला छोट्या होडीतून यॉटवर आणीन.

तुझा,
गॉडविन


लेस्टेर, कॅरिआकू
२ फेब्रुवारी १९९८

गॉडविन पोरा,

यॉट! आणि तू! दात काढायला तुला मालाच्या होडीतून ग्रेनेडाला नेलं होतं, आठवतं? माझ्या मांडीवर ओकून झालं, मग पाद्रीबाबांच्या बुटात ओकलास. त्या बिचाऱ्यांनी उतरताना पाय घातला तेव्हा कळलं. तो गॉडविन आता डेकवर पाय पसरणार म्हणे. पसर बाबा, फक्त आसपास कुणाचे बूट ठेवू नकोस.

कप्तान हवा तर मेल्डनला घे. बोलतो कमी, पितो त्याहून कमी. जलसा यंदा मोठा आहे. आपले ताफे आहेतच, शेजारच्या पिटी मार्टिनिक बेटावरचाही एक येतोय.

आता मुद्द्याचं. दिवस दोनच, सोबत पाहुणे, म्हणून घरी येणार नाही. मी काय काल जन्मले? घरी यायचं तर वाट कबरीवरून जाते, आणि कबर दिसली की विचारावं लागतं, नऊ वर्षं झाली तरी बाबांच्या डोक्याशी दगड का नाही. शिंपल्यांची कड घालून ठेवलीय मी, तीच काय ती. थोरल्या मुलाने दगड आणावा, रमने भिजवावा, गाव जेवावं आणि मग मेलेल्याने निवांत पडावं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सायप्रियन माझ्या स्वप्नात येतो. भिंतीशी उभा असतो. बस म्हटलं तर म्हणतो, कुठे बसू? माझा भाऊ तो, माझ्याच घरात असा पाहुण्यासारखा उभा राहिलेला मला बघवत नाही.

तुझा हट्ट मला पाठ आहे. दगडावर ऑस्बर्टचं नाव नको, तो पिटी मार्टिनिकच्या बाईचा. बाईशी लग्न झालं नव्हतं, कबूल. पण पोरगा तर झाला ना? तो नाही झाला असं दगडावर कसं लिहायचं?

माझे गुडघे गेलेत. मी जायच्या आत हे उरकायचं आहे. यॉट पांढरी घे नाहीतर हिरवी.

युला


ब्रुकलिन
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय टँटी,

मेल्डनशी फोनवर बोललो, यॉट ठरली. डेकवर बूट चालत नाहीत असं तोच म्हणाला, तेव्हा पाद्रीबाबांची चिंता मिटली.

दगडाचं मी शेवटचं सांगतो, मग पुन्हा लिहिणार नाही. आई खिडकीशी शिवणयंत्रावर बसायची. बाबांची होडी किनाऱ्यावरून सुटून डावीकडे वळली की मासे, उजवीकडे वळली की ती बाई. मी आईच्या पायाशी बसून चिंध्यांचे चेंडू करायचो. होडी उजवीकडे वळली की यंत्र जोरात चालायला लागायचं, एवढंच.  गावातल्या सगळ्या बायका तेव्हा तिच्याकडेच कपडे शिवायला टाकायच्या आणि माप देताना तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

आता तेच गाव जेवायला बसणार आणि दगडावर ऑस्बर्टचं नाव वाचणार. आई गेली म्हणून तिचा अपमान फुकटात करता येतो असं नाही. माझ्या एकट्याच्या नावाचा दगड कर, उद्याच्या विमानाने येतो. नाहीतर मी जलशाला येतोय, जलसा ऐकून परत जाईन.

रागावू नकोस. तुझ्यावर माझा राग नाही.

गॉडविन


लेस्टेर
१५ मार्च १९९८

गॉडविन,

बरं बाबा. दगडाचा विषय माझ्याकडून बंद. म्हातारीने किती दिवस डोकं फोडून घ्यायचं?

एक काम मात्र कर. तुझ्या आईचं शिवणयंत्र गंजून अडकलं होतं, ते मी सेंट जॉर्जेसला दुरुस्तीला पाठवलंय. लोखंडी पायांसकट खोक्यात बांधून तयार आहे. मालाच्या होडीवर आणवलं तर हे लोक त्याच्यावर सिमेंटची पोती रचतील, वर कोंबड्यांच्या टोपल्या. तू यॉटने येतोच आहेस, तर घेऊन ये. बंदरावरच ठेवलेलं असेल, मेल्डनला खूण सांगितलीय. जड आहे, चौघं लागतील. खोकं उघडत बसू नका, आतले सुटे भाग सांडतील.

रोझलिंडला बकरीचं मटण चालतं ना?

युला


ब्रुकलिन
२ एप्रिल १९९८

प्रिय टँटी,

विषय बंद केलास, फार बरं वाटलं. तुझ्याशी भांडलो की मला दोन दिवस अन्न गोड लागत नाही.

आईचं यंत्र आणतो म्हणजे काय, मांडीवर घेऊन बसेन. ते अजून आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, घर आवरताना कुणाला तरी देऊन टाकलं असेल. तू जपून ठेवलंस याबद्दल मी काय लिहू? डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. हेक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, डेकवर सावलीतली जागा यंत्राला द्यायची, आपण उन्हात बसू.

रोझलिंडला सगळं चालतं. हेक्टरला मिरची नको, पण तो हे कबूल करत नाही.

तुझा,
गॉडविन


यॉटवरून, शनिवार, २ मे
(बर्फवाल्या कॉनरच्या हाती)

टँटी,

खोकं फुटलं.

ग्रेनेडाचं टोक ओलांडल्यावर समुद्र खवळला. दोर सुटला आणि खोकं डोलकाठीच्या बुडावर आपटून एक फळी निघाली. बंदरापासून तिथपर्यंत मी त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो. लाट आली की आईचं यंत्र भिजेल म्हणून माझा कोट घातला होता त्याच्यावर. फळी निघाली तर आत पांढरा संगमरवर. "सायप्रियन, होडी बांधणारा. मुलगे गॉडविन आणि ऑस्बर्ट."

तू काहीही केलं असतंस तरी मी गिळलं असतं. शिव्या दे, गावात माझी बेअब्रू कर. पण आईचं नाव घेऊन तू मला त्या पोराचं नाव वाहायला लावलंस. मी डेपोतल्या माणसांना सांगत होतो, हे माझ्या आईचं यंत्र आहे, पाय लावू नका.

यॉट नांगरली आहे. दगड इथून हलणार नाही. हेक्टर आणि रोझलिंड तेव्हा आत आडवे पडले होते, त्यांना अजून ते यंत्रच वाटतंय. कॉनरच्या होडीतून जलशाला येतायत, त्यांना काही बोलू नकोस. उद्या सकाळी दगड जिथून आला तिथे परत जाईल.

गॉडविन


किनाऱ्यावरून, शनिवार
(कॉनरच्याच हाती. त्याला दोन फेऱ्यांचं जेवण कबूल केलंय)

गॉडविन,

हो, खोटं बोलले. यंत्र माझ्या खिडकीशी आहे, तेल घातलेलं, धडधाकट चालतं. येऊन बघ.

मालाच्या होडीवर घातला असता तर दगड कधीच आला असता. पण थोरल्याने आणायचा असतो. तू सरळ आणला नसतास, म्हणून मी तुला वाकड्या वाटेने आणायला लावला. आईचं नाव घ्यायला नको होतं, ते चुकलं. पण दुसऱ्या कुणाच्या नावाने तू वाकला असतास का?

तुझ्या आईसाठी सायप्रियनशी कोण भांडलं, माहीत आहे? मी. तुझी अर्धी चड्डी सुटत होती तेव्हा. दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता मी. त्याने तिच्यावर केला तो अन्यायच होता, आणि हे मी त्याच्या दगडासमोरसुद्धा सगळ्यांदेखत म्हणेन. पण तो सायप्रियनने केला. ऑस्बर्ट तेव्हा जन्मायचा होता.

आणि शेवटच्या वर्षी सायप्रियनला उचलून न्हाऊ घालत होता तो ऑस्बर्टच, ते तुला कुणी लिहिलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. डॉलर पाठवत होतास, ते पोचत होते.

बकऱ्या चुलीवर आहेत. मक्याच्या पिठाचे गोळे वळून झालेत, तुरीची डाळ शिजतेय. बायका पहाटेपासून राबतायत. खोक्यात काय आहे ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. इथे बसून गाणं कुणी ऐकत नाही, सगळे तुझ्या यॉटकडे माना वळवून बसलेत. तुझी रोझलिंड भली बाई आहे. मला विचारत होती, तुमचं यंत्र उतरवायला माणसं हवीत का?

ये.

युला


यॉटवरून

टँटी,

नाही.

मी डॉलर पाठवले म्हणून टोमणा मारतेस. डबल पाळ्या केल्या मी त्या वर्षी.

जेवण वाढून टाक लोकांना. म्हणावं, जलशाचं आहे.

गॉडविन


किनाऱ्यावरून

तर मग ऐक. ऊन उतरायच्या आत दगड आला नाही तर मी स्वतः कॉनरच्या होडीत बसून येते, या गुडघ्यांनिशी, आणि तुझ्या पांढऱ्या डेकवर बसून सगळ्या जलशासमोर गळा काढते. मला लाज नाही. म्हातारपणात ती आधी जाते.

बाप पाण्यावर तरंगतोय आणि मुलगा खुर्चीत बसलाय! असं लेस्टेरमध्ये कुणी केलेलं नाही.

सोबत एक चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. त्याने दिली, मी कॉनरला दिली.

युला


मिस्टर गॉडविन,

आपली ओळख नाही. मी आत्ताच वाजवून खाली उतरलो. हाताला अजून व्हायोलिनची राळ आहे, तेव्हा कागद चिकटला तर माफ करा.

दगडावर माझं नाव टँटीने घातलं, मी सांगितलं नव्हतं. मला आधी कळलं असतं तर नको म्हटलं असतं. तुमच्या आईला मी एकदाच पाहिलं. लहान होतो, बाबांनी मला लेस्टेरला आणलं होतं. त्या खिडकीशी होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि बोलवावं असं मला आजही वाटत नाही.

कॉनरच्या हाती छिन्नी आणि हातोडी पाठवतो आहे. मी होड्या बांधतो, हत्यारं चांगली आहेत. संगमरवर मऊ असतो. हलक्या हाताने, तिरपी धरून मारा, म्हणजे मोठा टवका उडणार नाही. "आणि" सुद्धा काढा, नाहीतर वाईट दिसेल. "मुलगे"चं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही.

नाव गेलं तरी मी दगड उचलायला येईन. मागे उभा राहीन. बाबांना जागा मिळू द्या.

ऑस्बर्ट


लेस्टेर
३० मे १९९८

गॉडविन पोरा,

तू गेलास आणि मी आठवडाभर आडवी पडले होते. गुडघे, दुसरं काय. आता चहा करून पिण्याइतकी उठते.

अजून लोक त्या दिवसाबद्दलच बोलतात. दगड किनाऱ्याला लागला तसे ताफ्यांनी हातातलं गाणं मध्येच थांबवलं आणि घरापर्यंत दगडामागून वाजवत आले. असं याआधी झालेलं कुणाला आठवत नाही. जलसा भरवणारे चिडलेत म्हणे, श्रोते एकाएकी उठून गेले. हेक्टरने मिरचीचा रस्सा खाल्ला आणि रडत रडत छान आहे म्हणाला. बायका अजून त्याची नक्कल करतात. रिवाजाप्रमाणे दगड रात्रभर विसाव्याला पलंगावर ठेवून वर पांढरी चादर घातली तेव्हा रोझलिंडने विचारलं, आता यांना झोप लागेल का? मी म्हटलं, लागेल.

सायप्रियन त्यानंतर एकदाही आला नाही. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

एक विचारते. चादर काढून दगड धुतला तेव्हा दिसलं, ऑस्बर्टच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर टवका उडालाय. तांदळाएवढा. खोकं आपटलं तेव्हाचा असेल असं मी लोकांना सांगते. पण खोक्याला जिथे मार बसला ती बाजू दगडाच्या तळाची, अक्षरांपासून लांबची होती. मला खरं सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल.

ऑस्बर्ट दर रविवारी येतो, कबरीवरचं गवत काढतो. टवका त्याने पाहिलाय. 

युला


ब्रुकलिन
२१ जून १९९८

प्रिय टँटी,

टवका माझा आहे.

त्याची चिठ्ठी वाचली आणि मला जास्तच राग आला. एवढा चांगुलपणा दाखवायची त्याला काय गरज होती? सरळ भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. मेल्डन आत झोपला होता. मी गुडघ्यावर बसलो, छिन्नी त्याच्या नावावर धरली, तिरपी, त्याने सांगितली तशी, आणि एक घाव घातला.

तेवढ्यात हेक्टर कॉनरच्या होडीतून टोपी विसरली म्हणून परत आला. खोक्यात दगड आहे हे त्याला किनाऱ्यावर कळलं होतं; शिडी चढला आणि मला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, "अरे वा! नाव कोरतोयस? कुणाचं राहिलं होतं?"

टँटी, मी माझ्या भावाचं नाव खोडतोय, हे वाक्य मला त्या माणसासमोर म्हणता येईना. मनात म्हणून बघितलं, तर त्यात "भाऊ" हा शब्द आपोआप आला होता. मी तो घातला नव्हता.

मी म्हटलं, "भावाचं." हेक्टर म्हणाला, "मग मी धरतो, दगड हलतोय." त्याने खरंच दोन्ही हातांनी दगड धरला. मी छिन्नी खाली ठेवली आणि म्हटलं, राहू दे, किनाऱ्यावर नेऊन नीट करू, मेल्डनला उठव.

पुढचं तुला माहीत आहे. ऑस्बर्ट मागे उभा राहतो म्हणाला होता, पण दगड जड होता आणि पुढे चौथा हात हवा होता. वाटेत आम्ही एकमेकांशी फक्त "सावकाश" आणि "डावीकडे" एवढंच बोललो. आईचं यंत्र मी पाहिलं. पायाने एकदा चालवलं. तू स्वयंपाकघरात होतीस.

आई असती तर मी काय केलं असतं, माहीत नाही. तो राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण तो बाबांवर आहे. तो तिथेच ठेवीन म्हणतो.

टवक्याचं तू ऑस्बर्टला सांग. मला नाही जमणार.

तुझा,
गॉडविन


लेस्टेर
९ ऑगस्ट १९९८

गॉडविन,

मी सांगणार नाही. माझ्या जिवावर किती दिवस होड्या चालवणार तुम्ही दोघं? त्याचा पत्ता मागे लिहिलाय. तिकीट चिकटवायला जीभ आहे ना तुला?

युला


ब्रुकलिन
१४ मार्च १९९९

ऑस्बर्ट,

तुझं पत्र काल मिळालं. टँटी गेल्याची तार आली त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. डेपोतल्यांनी घरी जा म्हटलं, पण मी बस चालवली. घरी जाऊन काय केलं असतं?

दफनाला पोचता आलं नाही, पण तू सगळं नीट केलंस हे तुझ्या पत्रावरून कळलं. ताफा तिच्या अंगणात तीन गाणी वाजवून गेला हे वाचून बरं वाटलं. झोपेत गेली म्हणतोस, तेही बरं झालं. तिच्याकडून आलेलं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात तिने माझ्या जिभेची चौकशी केलेली आहे. त्यावर मी तुला लगेच लिहायला हवं होतं, सात महिने लावले. माझा हात जड आहे. आता लिहितो. तो टवका माझा आहे, यॉटवरचा. तुझ्याच छिन्नीचा. तुला तो दिसला होता असं टँटीने लिहिलं होतं. तू विचारलं नाहीस, आणि मला वाटतं तू कधी विचारणारही नाहीस, म्हणून सांगून टाकतो.

तिला मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिचा दगड आपणच आणायचा. घाई नको, पण नऊ वर्षंही नकोत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. यॉटबिट काही नाही, ग्रेनेडाहून मालाच्या होडीने येईन आणि ओकलो तर ओकलो. तू मला बंदरावर घ्यायला ये. पाथरवटाकडे दोघं मिळून जाऊ.

दगडावर काय घालायचं असं विचारलं आहेस. तिचं नाव, गाव आणि खाली "भाचे". आधी तुझं नाव घाल, मग माझं. पाथरवट म्हणेल, थोरल्याचं आधी असतं. त्याला सांग, थोरल्यानेच असं सांगितलंय.

गॉडविन